सिहोरचा वाद आणि राहूचा वर

शास्त्राविरुद्ध समजुती अज्ञानामुळे टिकतात आणि प्रमाण पुढे येताच त्या गळून पडतात, असे सामान्यतः मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यातील सिहोर येथून उठलेल्या वादाकडे पाहता हे गृहीत आम्हांस मान्य करवत नाही. त्या वादात दोन्ही बाजूंना गणित जाणणारे मराठी ज्योतिषी होते.

भोपाळ संस्थानचा इंग्रज पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन हा सिहोरास राही. तेथील पाठशाळा हा त्याच्या विशेष आस्थेचा विषय होता. त्याच्या आश्रयाखाली सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ रचून पुराणे, सिद्धान्त आणि कोपर्निकस यांची मते एकमेकांशेजारी मांडली. भागवतात जंबुद्वीप कमलपत्रासारखे पसरलेले असून चंद्र सूर्याच्याही एक लक्ष योजने वर आहे. सिद्धान्तात पृथ्वी गोल व निराधार, आणि चंद्र सूर्याहून जवळ. पुण्याचे ज्योतिषी यज्ञेश्वर रोडे यांनी पुराणांची बाजू घेऊन संस्कृतात उत्तर दिले.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट ही की, चंद्र सूर्याच्या वर असता तर सूर्यग्रहण घडतेच ना. आणि ग्रहणाचे गणित तर प्रत्येक पंचांगकर्ता करीतच होता! मग हा विरोध इतकी शतके खपला कसा? आमच्या मते, दोहोंचा व्यवहारात सामना होण्याचा प्रसंगच क्वचित येई. पंचांगाचे काम सिद्धान्ताने चाले, संकल्पाचे व कथाश्रवणाचे पुराणाने. प्रत्यक्ष भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहणाचे कारण छाया हेच ठरविले, आणि लगेच ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या छायेत शिरतो, असे म्हणून श्रुतिपुराणांशी समेट केला. हा ढोंगीपणा नव्हे. ज्या समाजात राहायचे त्याच्याशी नाते न तोडता सत्य सांगण्याची ती रीत होती. सतराव्या शतकात नीलकंठ चतुर्धरांनीही पुराणे व सूर्यसिद्धान्त यांचा मेळ घालण्याचा यत्न केला होता.

१८३० नंतर मात्र ही मुभा उरली नाही. मिशनरी लोक क्षीरसमुद्राची थट्टा करीत ती भूगोल शिकविण्यापुरती नव्हे. क्षीरसमुद्र गेला की धर्मही गेला, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. अशा वेळी चंद्राचे अंतर हा गणिताचा प्रश्न राहत नाही. आपण कोणत्या पक्षाचे, याची ती खूण होते. विल्किन्सनलाही पुराणमत हटवायचेच होते, पण त्याची दृष्टी अधिक चाणाक्ष होती. आधी भास्कराचार्य शिकवा, कोपर्निकस मागून येईल, असे त्याने १८३४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रतिपादले. परक्याने सांगितलेली गोल पृथ्वी आणि आपल्याच आचार्यांनी सांगितलेली गोल पृथ्वी यांतला फरक त्याला उमगला होता.

१८४१ मध्ये विल्किन्सन निवर्तला. त्याचे सिहोरचे शिष्य बापूदेव शास्त्री पुढील वर्षी काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. त्यांनी तपासून दिलेले त्याचे ‘गोलाध्याया’चे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. राहूला मिळालेला वर त्यातही आहे.