‘त्रेपन्न’ सांगितलं की मूल ३५ का लिहितं? सुरुवातीच्या गणितात मुलं नेमकी कुठं अडतात

दुसरीचा वर्ग. बाई संख्या सांगतायत, मुलं लिहितायत. “त्रेपन्न,” बाई म्हणतात. काही मुलं ५३ लिहितात, काही ३५. ‘एकोणचाळीस’ म्हटल्यावर कुणाच्या वहीत ४९ उमटतं. ‘एकशे चार’ला कुणी १००४ लिहितं. संध्याकाळी घरी वही उघडली की ठरलेला प्रश्न येतो, “लक्ष कुठं असतं तुझं?”

खरं तर लक्ष असतं म्हणूनच या चुका होतात. मूल जे ऐकतं तेच लिहीत असतं. ‘त्रेपन्न’मध्ये आधी तीन ऐकू येतं, मग पन्नास. ‘एकोणचाळीस’मध्ये चाळीस स्पष्ट ऐकू येतं, म्हणून ४ लिहिला जातो. ‘एकशे’ म्हणजे १००, पुढे ‘चार’ म्हणजे ४. दोन्ही शेजारी मांडले की झाले १००४. उत्तर चुकलं, पण विचार केलेला आहे.

मराठीत गणित शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला हा घाट चढावाच लागतो. तो नेमका कुठं आहे हे मोठ्यांना कळलं, तर मुलांचा बराच त्रास वाचू शकतो.

शंभरपर्यंतची नावं इतकी अवघड का?

आपण संख्या लिहितो तेव्हा दशक आधी येतो आणि एकक नंतर. २१ मध्ये आधी २, मग १. बोलताना मात्र उलट होतं, ‘एकवीस’. आधी एक, मग वीस. म्हणजे ऐकायचं एका क्रमानं आणि लिहायचं दुसऱ्या.

अडचण एवढ्यावर थांबत नाही. जोडताना शब्दांची रूपंही बदलतात. ‘दोन’ हा अंक बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव असा वेश पालटत जातो. यात कुठंही ‘दोन’ हा शब्द ऐकू येत नाही. दशकांचंही तसंच. पन्नासचं ‘वन्न’ किंवा ‘पन्न’ होतं, साठचं ‘सष्ट’, सत्तरचं ‘हत्तर’, नव्वदचं ‘ण्णव’.

अकरा ते अठरामध्ये तर ‘दहा’ लपलेलाच आहे. तेरा म्हणजे दहा आणि तीन, हे शब्दावरून मुलाला कळायला काही मार्ग नाही.

त्यात ‘एकोण’ची भर. ‘एकोण’ म्हणजे एकानं कमी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. एकोणीसपासून एकोणऐंशीपर्यंत हा नियम चालतो. ८९ ला एकोणनव्वद आणि नव्याऐंशी अशी दोन नावं आहेत. ९९ ला मात्र ‘नव्याण्णव’च म्हणायचं. म्हणजे २९ लिहिताना नाव ऐकायचं तिसाचं, त्यातून एक वजा करायचा, आणि मग दशकाच्या जागी २ लिहायचा. मोठ्यांना सवयीनं हे जाणवत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी ती प्रत्येक वेळी नवी कसरत असते.

थोडक्यात, मराठी मुलाला शंभरपर्यंतची जवळपास प्रत्येक संख्या वेगळा शब्द म्हणून पाठ करावी लागते. दहा-बारा शब्द शिकून बाकीचे स्वतः तयार करण्याची सोय इथे नाही.

२०१९ मध्ये वाद नेमका कशावरून झाला होता?

जून २०१९ मध्ये बालभारतीचं दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक आलं आणि सोशल मीडियावर विनोदांचा पाऊस पडला. पुस्तकात २१ ते ९९ या संख्यांसाठी ‘वीस एक’, ‘वीस दोन’, ‘तीस तीन’ अशी वाचनपद्धत दिली होती. मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरून विधानसभेतही कोट्या झाल्या.

या गदारोळात एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटली. पुस्तकातून ‘एकवीस’, ‘बावीस’ काढून टाकलेले नव्हते. दोन्ही नावं शेजारी-शेजारी दिली होती. गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर. त्यांची भूमिका अशी होती, की उलट क्रम आणि अवघड जोडाक्षरं यांमुळे मुलांच्या मनात सुरुवातीलाच गणिताची भीती बसते. ‘वीस एक’ म्हटलं की ऐकणं आणि लिहिणं एकाच क्रमानं होतं.

विरोध करणाऱ्यांचेही मुद्दे होते. बाजारात, बसमध्ये, आजीच्या तोंडी ‘त्रेसष्ट’च ऐकू येणार, मग मूल गोंधळणार नाही का? पाढ्यांमध्ये ‘सात नवे त्रेसष्ट’ म्हणण्याची जी लय आहे, तिचं काय? शिवाय मराठीत ‘वीसएक माणसं’ म्हणजे अंदाजे वीस माणसं. तोच शब्द २१ साठी कसा वापरायचा? आणि ‘वीस एक’ ऐकून मूल २०१ लिहिणार नाही कशावरून?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. नाव सोपं केलं तरी, २१ मधला २ म्हणजे वीस हे मुलाला कळलेलं नसेल तर चूक होणारच. फक्त चुकीचं रूप बदलेल.

इतर भाषांमध्ये काय होतं?

हिंदी आणि गुजरातीत मराठीसारखंच आहे, एकक आधी आणि रूपं बदलणारी. कन्नड आणि तेलुगूत मात्र दशक आधी येतं. कन्नडमध्ये २१ ला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे वीस-एक. सोलापूरसारख्या शहरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी आणि शाळेत मराठी शिकणारी मुलं बरीच आहेत. त्यांना घरचा क्रम आणि शाळेचा क्रम असे दोन्ही सांभाळावे लागतात.

चिनी भाषेत २१ म्हणजे ‘दोन-दहा-एक’. नावातच गणित सांगितलेलं असतं. जर्मनमध्ये २१ ला ‘एक-आणि-वीस’ म्हणतात, म्हणजे मराठीसारखाच उलट क्रम. नॉर्वेमध्येही पूर्वी असंच होतं. टेलिफोनवर आकडे सांगताना गोंधळ होतो म्हणून तिथं १९५१ मध्ये सरकारी पातळीवर क्रम बदलला आणि दशक आधी आणलं. तरीही जुनी पद्धत लोकांच्या बोलण्यातून पूर्णपणे गेलेली नाही. भाषेची सवय एका निर्णयानं मोडत नाही, ती अशी.

इंग्रजी माध्यमातली मुलंही सुटलेली नाहीत. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांचा गोंधळ नेहमीचाच. सेमी-इंग्रजीत तर दोन प्रकारचे अंकही समोर असतात. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ हे लहान मुलाला एकमेकांचे आरशातले भाऊ वाटू शकतात.

मोजता येतं म्हणजे संख्या कळली का?

“आमच्या पिल्लूला शंभरपर्यंत येतं!” असं पालक कौतुकानं सांगतात. पण आकडे म्हणून दाखवणं आणि वस्तू मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोशेल गेलमन आणि चार्ल्स गॅलिस्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ च्या त्यांच्या पुस्तकात मोजण्यामागची तत्त्वं मांडली. त्यातली तीन पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहेत. आकड्यांचा क्रम पक्का हवा. प्रत्येक वस्तूला एकच आकडा मिळायला हवा. आणि शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे एकूण किती, हे कळायला हवं.

ही शेवटची पायरी तपासणं सोपं आहे. मुलाला सात चिंचोके मोजायला सांगा आणि लगेच विचारा, “किती आहेत?” जे मूल पुन्हा एक-दोन-तीन सुरू करतं, त्याच्यासाठी ‘सात’ हे अजून फक्त शेवटच्या चिंचोक्याचं नाव आहे.

पुढची परीक्षा दशकाची. बालशिक्षणाच्या अभ्यासक कॉन्स्टन्स कामी यांनी मुलांसमोर १६ वस्तू ठेवल्या आणि कागदावर १६ लिहिलं. ६ वर बोट ठेवून “हे यातलं कुठलं?” असं विचारल्यावर मुलं सहा वस्तू दाखवत. १ वर बोट ठेवल्यावर मात्र अनेक मुलं एकच वस्तू दाखवत. उरलेल्या नऊ वस्तूंचं काय, हा प्रश्न त्यांना पडतच नसे. बेरीज-वजाबाकी बरोबर करणारी मुलंही इथं अडकतात.

दहाचा गठ्ठा

यावर शाळांमध्ये वापरला जाणारा जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे काड्यांचे गठ्ठे. दहा काड्या झाल्या की रबर लावायचं, झाला एक दशक. उरलेल्या काड्या सुट्या. २५ म्हणजे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या. ५३ आणि ३५ यांच्यात फरक काय, हे समजावून सांगावं लागत नाही. दोन्ही ढीग समोर ठेवले की डोळ्यांना दिसतं.

खेळातल्या दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणीही वापरता येतात, पण नंतर. गठ्ठा सोडला की आत खरोखर दहा काड्या असतात. नोट फाडली तर आत दहा रुपये निघत नाहीत. ‘एकाच्या जागी दहा’ ही कल्पना आधी हातानं बांधून-सोडून पाहिलेली असली की नोट समजते, आणि मग कागदावरचा अंकही.

गठ्ठ्यांमुळे ‘हातचा’ ही गूढ गोष्टही उलगडते. २८ + ७ करताना दोन गठ्ठे आणि आठ सुट्या काड्या आहेत. त्यात सात सुट्या आल्या, झाल्या पंधरा. त्यातल्या दहांचा नवा गठ्ठा बांधला. आता तीन गठ्ठे, पाच सुट्या, म्हणजे ३५. ‘हातचा एक’ म्हणजे तो नवा गठ्ठा. तो एक नाही, दहा आहे.

वजाबाकीत याच्या उलट. ४२ मधून १७ द्यायचे आहेत. सुट्या दोनच आहेत, त्यातून सात कसे देणार? एक गठ्ठा सोडायचा. आता तीन गठ्ठे आणि बारा सुट्या. बारातून सात गेले, पाच उरले. तीन गठ्ठ्यांतून एक गेला, दोन उरले. उत्तर २५. ज्या मुलानं गठ्ठा स्वतः सोडला आहे, ते मूल ‘दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन’ असं सहसा करत नाही.

मग नावं कशी शिकवायची?

आधी वस्तू, मग नाव, मग अंक. तीन गठ्ठे आणि चार सुट्या समोर ठेवून विचारायचं, “किती?” मूल म्हणेल, “तीन दहा आणि चार.” ते बरोबरच आहे. मग “तीस आणि चार”. मग “याला आपण चौतीस म्हणतो”. ‘आणि’ हा छोटा शब्द इथं कामाचा आहे. त्यामुळे ‘वीसएक’चा घोळ टळतो आणि बेरीजही ऐकू येते. पारंपरिक नाव शिकायचं आहेच, पण ते समजेच्या आधी नाही, समजेच्या पाठोपाठ. पाढ्यांचंही तसंच. पाठांतर उपयोगी आहे, मात्र ‘सात नवे त्रेसष्ट’ म्हणणाऱ्या मुलाला सात-सातच्या नऊ रांगाही मांडता यायला हव्यात.

घरी काय करता येईल?

• खराट्याच्या काड्या, चिंचोके, बटणं, जे असेल ते दहा-दहानं मोजू द्या.
• ३५ आणि ५३ अशी उलटापालट झाली तर खोडून टाकू नका. “हे गठ्ठ्यांनी करून दाखव” एवढंच म्हणा. बहुतेक वेळा मूल स्वतःच दुरुस्त करतं.
• उत्तर बरोबर असो वा चूक, “कसं केलंस?” हे विचारा. फक्त चुकल्यावर विचारलं तर तो प्रश्न म्हणजे रागावणं, असं मूल समजतं.
• सापशिडी खेळा. ‘पुढे चार’ म्हणजे अधिक चार हे सोंगटी हलवताना कळतं, आणि शंभरपर्यंतचे अंक आपोआप नजरेखालून जातात.
• बोटांवर मोजू द्या. गरज संपली की बोटं आपोआप थांबतात.
• ‘एकोण’च्या संख्या वेगळ्या घ्या. तीन गठ्ठे ठेवा, एक काडी काढून घ्या. एकोणतीस!

हे आत्ताच का महत्त्वाचं?

केंद्र सरकारच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात पहिलीच्या मुलांना ९९ पर्यंत, दुसरीला ९९९ पर्यंत आणि तिसरीला ९९९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात, असं उद्दिष्ट आहे. तिसरीतल्या चार अंकी संख्या, चौथीतला भागाकार, पुढे दशांश अपूर्णांक, सगळं याच एका कल्पनेवर उभं आहे, की अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरते. ती दुसरीत निसटली तर पुढे प्रत्येक वर्षी थोडं-थोडं निसटत जातं.

आणि तोवर घरात एक वाक्य रुळलेलं असतं, “आमचा गणितात कच्चाच आहे.” मूल ते ऐकतं आणि खरं मानतं. म्हणून पुढच्या वेळी वहीत ‘त्रेपन्न’ला ३५ दिसलं, तर आधी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधायला बसा.