दुभंगलेला ओठ व टाळू आणि मातेचे आजार

दुभंगलेला ओठ व दुभंगलेली टाळू (खंडौष्ठ व खंडतालू) ही नवजात बालकांत आढळणारी जन्मजात व्यंगे होत. जगभरात सुमारे ७०० जन्मांमागे एका बालकात यांपैकी एक किंवा दोन्ही व्यंगे आढळतात. आनुवंशिकता आणि गर्भावर परिणाम करणारे बाह्य घटक यांच्या एकत्रित प्रभावाने ती उद्भवतात. मातेचे काही आजार हा अशा बाह्य घटकांपैकी एक होय.

गर्भातील घडण

गर्भाच्या चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी वाढत येऊन एकमेकांशी जुळतात. ओठ साधारणपणे गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या, तर टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात तयार होते. ही जुळणी अपुरी राहिल्यास फट राहते. त्यामुळे मातेच्या आजाराचा या घडणीवरील परिणाम मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांपुरता मर्यादित असतो. दिवस गेल्याचे अनेकींना कळते तोवर हा काळ सुरू झालेला असतो.

संबंधित आजार

* मधुमेह : गर्भधारणेपूर्वीपासून मधुमेह असल्यास, विशेषतः तो नियंत्रणात नसल्यास, धोका वाढतो.
* तापाचे आजार : हंगेरीतील १९८० ते १९९६ या काळातील नोंदींच्या अभ्यासात इन्फ्लुएंझासारख्या आजारांशी या व्यंगांचा संबंध आढळला. यामागे तीव्र ताप हे कारण असावे, असे अभ्यासकांनी सुचविले.
* अपस्मार : व्हॅल्प्रोएट, टोपिरामेट यांसारख्या काही औषधांमुळे धोका वाढतो. तथापि औषध परस्पर बंद केल्यास झटके येऊन माता व गर्भ दोघांच्याही जिवास अपाय होऊ शकतो. औषधातील बदल गर्भधारणेपूर्वी वैद्यकीय सल्ल्यानेच करावा लागतो.

धोका वाढतो याचा अर्थ व्यंग होतेच असा नाही. हे आजार झालेल्या बहुसंख्य मातांची बालके या व्यंगाविना जन्मतात.

समजुती

गर्भवतीने ग्रहणात भाजी चिरल्यास बाळाचा ओठ फाटतो, अशी समजूत महाराष्ट्रासह भारतात अनेक ठिकाणी आहे. तिला शास्त्रीय आधार नाही. या समजुतीमुळे व्यंगाचा दोष मातेच्या माथी मारला जातो आणि उपचारांस विलंब होतो.

प्रतिबंध व उपचार

गर्भधारणेपूर्वी मधुमेहावर नियंत्रण, धूम्रपान व मद्यपान वर्ज्य करणे आणि वैद्यकीय सल्ल्याने फॉलिक आम्ल घेणे हितावह असते. सर्वच प्रकार टाळता येत नाहीत.

टाळू दुभंगलेल्या बाळाला अंगावरचे दूध ओढणे बहुधा कठीण जाते. त्यामुळे अनेकदा काढलेले दूध विशेष बाटलीने किंवा वाटी-चमच्याने पाजावे लागते. ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, तर टाळूची नवव्या ते अठराव्या महिन्यात करतात. त्यानंतर वाचा, श्रवण व दात यांवर लक्ष ठेवावे लागते. भारतात २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाची तपासणी व मोफत उपचार यांचा समावेश आहे.