कागदी गावातून उलट्या पावलांनी

4 मार्च 2014. ‘साउथ पार्क’ या टीव्हीवरच्या कार्टून मालिकेवर बेतलेला ‘साउथ पार्क: द स्टिक ऑफ ट्रुथ’ हा व्हिडिओ गेम आज अमेरिकेतल्या दुकानांत आलाय आणि तुम्ही थेट त्याच्या आत उतरला आहात. तुम्ही शाळकरी पोरगं आहात. कोलोरॅडोच्या डोंगरांतलं बर्फाळ गाव, घर नवं, ओळखीचं कुणी नाही. आईवडील म्हणतात, बाहेर जा, मित्र कर. रस्त्यावर एक पोरगा मार खातोय. तुम्ही मध्ये पडता, आणि बटर्स नावाचा तो भाबडा मुलगा तुम्हाला राजवाड्यात घेऊन जातो. राजवाडा म्हणजे एरिक कार्टमन या पोराच्या घरामागचं अंगण. तिथे तंबू आहेत, फळ्या ठोकून केलेला किल्ला आहे, आणि कार्टमन स्वतः जादूगार-राजा झालाय. तो नाव विचारतो. तुम्ही काहीही टाइप करा, नोंद होते ती त्याने ठरवलेल्या शिवीचीच.

माणसं एका बाजूला, एल्फ दुसऱ्या बाजूला. भांडण एका काठीवरून. ती ज्याच्याकडे, त्याची विश्वावर सत्ता. काठीकडे नीट बघा. गेम बनवणाऱ्यांनी तिला सोन्याचा मुलामा दिलेला नाही, तिच्यातून प्रकाश फाकत नाही. झाडाची काठी आहे, तशीच दिसते. एल्फांचा राजा काइल याच्या डोक्यावर काटक्यांचा मुकुट आहे. जखम भरून यायला चीझी पूफ्स खायच्या, आडवा झालेला सोबती टाको खाऊन उठतो. लढाईत आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, कारण मध्ययुगात असंच लढायचे, असं कार्टमन बजावतो. पाळीपाळीने लढणं हा रोल-प्लेइंग गेममधला जुनाच प्रकार. एरवी तो निमूटपणे मान्य करावा लागतो, इथे मात्र तो पटतो. आपल्याकडच्या ‘टाइम प्लीज’सारखा तो पोरांनी ठरवलेला नियम आहे, आणि पोरांनी ठरवलेला नियम मोडायचा नसतो. कित्येक महागडे गेम राक्षस आणि किल्ले हुबेहूब उभे करतात. लुटुपुटूच्या खेळातला खरेपणा इतक्या आदराने जपणारा दुसरा गेम मला माहीत नाही.

विनोद अर्वाच्य आहे, काही ठिकाणी नुसताच अर्वाच्य. पण तो कापल्यावर काय होतं तेही याच आठवड्यात पाहून घ्या. युरोपात कन्सोलवर खेळायला बसा. काही प्रसंग येतच नाहीत. त्यांच्या जागी युरोपीय संघाच्या झेंड्यापुढे हाताने तोंड झाकलेला पुतळा दिसतो आणि खाली वगळलेल्या प्रसंगाचं वर्णन. ऑस्ट्रेलियात तेच काम एक रडणारा कोआला करतो. निर्मात्यांनी कात्री लपवली नाही, हे मला योग्य वाटतं.

आता मागे चला. 2013 चा नोव्हेंबर-डिसेंबर. हा गेम खरं तर याच डिसेंबरात यायचा होता, तो मार्चवर गेलाय. टीव्हीवर मात्र ही पोरं त्याच झग्यांत आणि मुकुटांत वावरताहेत. सलग तीन भागांच्या कथेत एक्सबॉक्स घ्यायचा की प्लेस्टेशन, यावरून गावात युद्ध पेटलंय. न आलेल्या गेमचे पैसे आधीच भरून ठेवण्याची टरही उडवली जाते, तीही स्वतःच्याच गेमचं नाव घेऊन. मालिकेचे निर्माते ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांना हे जमतं, कारण मालिकेचा एक भाग ते साधारण सहा दिवसांत लिहून, रंगवून, आवाज देऊन पुरा करतात. गेम काही सहा दिवसांत होत नाही. आयत्या वेळी सगळं बदलायची सवय असलेली ही माणसं आणि वर्षभर आधी आराखडा लागणारे प्रोग्रामर, यांची ओढाताण तुम्हाला इथे जाणवेल.

आणखी मागे, जानेवारी 2013. गेमची प्रकाशक टीएचक्यू कंपनी, तिने महिन्यापूर्वी डेलावेअरच्या न्यायालयात दिवाळखोरी जाहीर केलीय. तिची मालमत्ता तुकड्यातुकड्यांनी विकली जातेय. अर्धवट झालेला हा गेम 32 लाख 65 हजार डॉलरना युबिसॉफ्ट कंपनीकडे जातो. साउथ पार्कवाले आक्षेप घेतात, हक्क आमचे आहेत म्हणतात, मग तडजोड होते. पुढे जायला नको, मागेच जाऊ.

अर्व्हाइन, कॅलिफोर्निया. ऑब्सिडियन एंटरटेनमेंटचं ऑफिस. गेमचं काम नुकतं सुरू झालंय. इथे थोडा वेळ थांबा, कारण माझ्या मते सगळ्यात सुंदर अडचण इथे येते: गावाचा नकाशा. मालिका दहा-बारा वर्षं चालू आहे, पण कार्टमनच्या शेजारी कोण राहतं, शाळा कुठल्या टोकाला, तळं कुणीकडे, हे कधी पक्कं करावंच लागलं नव्हतं. टीव्हीवर दृश्य बदललं की झालं. खेळाडू मात्र चालत जाणार, कोपऱ्यावर वळणार, परत येणार. त्याच्यासाठी गावाला रस्ते हवेत. मग निर्माते स्वतःच घरं ओळीने मांडतात, आणि टीव्हीवरचं गाव पहिल्यांदा पायी फिरता येईल असं होतं.

दुसरी अडचण हालचालींची. इथली माणसं कसलेली आहेत. ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ या गेमचा दुसरा भाग त्यांचा, ‘नेव्हरविंटर नाइट्स’चाही दुसरा भाग त्यांचाच. सफाईदार हालचाल ही त्यांची रोजची कमाई. पण साउथ पार्कच्या माणसाचा गुडघा वाकला की तो साउथ पार्कचा राहत नाही. गेम हुबेहूब मालिकेसारखाच दिसला पाहिजे, ही पार्कर-स्टोन यांची अट. सफाई काढून टाकायलाही कसब लागतं, हे या टेबलांवर कळतं.

2009 मध्ये फोन येतो तेव्हा ऑब्सिडियनचे प्रमुख फर्गस अर्क्वार्ट यांना वाटतं, कुणीतरी थट्टा करतंय. पण पलीकडे साउथ पार्कचीच माणसं असतात. पार्कर लहानपणापासून रोल-प्लेइंग गेम खेळत आलाय, आणि 1998 मध्ये निंटेंडो 64 वर बर्फाचे गोळे मारत फिरण्याचा जो साउथ पार्क गेम निघाला होता, तसलं काही त्याला पुन्हा नको आहे.

1997 चा ऑगस्ट ओलांडा. कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर मालिकेचा पहिला भाग लागतो. तो कागद कापून, चित्र सरकवत, हातानेच केलेला आहे. पुढचे भाग संगणकावर होतील, पण कागदासारखेच दिसत राहतील.

आणि 1992. बोल्डर, कोलोरॅडो विद्यापीठ. पार्कर आणि स्टोन हे दोन विद्यार्थी ‘जीझस व्हर्सेस फ्रॉस्टी’ नावाची छोटी फिल्म करताहेत. समोर रंगीत कागद, गोंद आणि जुना 8 मिलिमीटरचा कॅमेरा. कापलेल्या कागदी पोराला गुडघा नसतो. त्याला चालवायचं तर थोडं उचलायचं, पुढे ठेवायचं, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा उचलायचं. पडद्यावर ते पोरगं टुणटुण उड्या मारत जातं. अर्व्हाइनमधल्या संगणकांना पुढे वर्षानुवर्षं मेहनत करून शिकावी लागेल, ती हीच चाल.