घरची भाषा आणि शाळेची भाषा : जैन विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा एक मागोवा

तीर्थंकरांच्या समवसरणाचे वर्णन करताना आपले आचार्य एक गोष्ट आवर्जून सांगतात. भगवंतांची दिव्यध्वनी एकच असे, परंतु तेथे जमलेला प्रत्येक जीव ती आपापल्या भाषेत समजून घेई. भगवान महावीरांनी आपल्या उपदेशासाठी विद्वानांच्या संस्कृतऐवजी जनसामान्यांची अर्धमागधी स्वीकारली, हेही सर्वश्रुत आहे. ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलावे, हा धडा जैन परंपरेने अशा रीतीने फार पूर्वीच घालून दिला आहे. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी समाजाच्या शैक्षणिक कार्याचे सिंहावलोकन करताना हा धडा कोठवर आचरणात आला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या चरणांपाशी जे शिलालेख कोरलेले आहेत, ते कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत आहेत. त्यातील मराठी लेख या भाषेच्या अत्यंत प्राचीन शिलालेखांपैकी एक मानला जातो. दर्शनास येणारा यात्रेकरू कोणत्याही प्रांताचा असो, त्याला आपल्या भाषेतील एक ओळ तेथे सापडावी, असाच जणू त्यामागील भाव आहे. जैन समाज कधीही एका भाषेचा नव्हता. त्यामुळे त्याच्या मुलांपुढे शाळेच्या उंबरठ्यावर उभा राहणारा प्रश्नही जुनाच आहे.

तीन भाषांमधील मूल

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत गावोगाव शाळा निघू लागल्या, तेव्हा शाळेची भाषा प्रदेशावरून ठरली. सोलापूर, पुणे या पेठांतून स्थायिक झालेल्या अनेक जैन व्यापारी घराण्यांची घरातील बोली गुजराती होती. खानदेश, नगर, विदर्भ या भागांत मारवाडी बोलणारी कुटुंबे होती. कोल्हापूर, सांगली आणि बेळगावच्या पट्ट्यात शेती करणाऱ्या असंख्य जैन कुटुंबांच्या घरी कन्नड बोलली जाई. दुकानातील रोजमेळ व खतावणी गुजराती किंवा महाजनी लिपीत, मंदिरातील पाठ प्राकृत व संस्कृतात, आणि पंतोजींच्या पुढ्यातील पुस्तक मात्र बालबोध मराठीत, अशी त्या बालकाची अवस्था होती.

ज्याला प्रश्नच समजला नाही, तो विद्यार्थी उत्तर देत नाही. शिक्षक मात्र त्याला मंदबुद्धी ठरवून मागच्या रांगेत बसवतात. हिशेबात हुशार असलेली कित्येक मुले अशा रीतीने शाळा सोडून गादीवर येऊन बसली. व्यापार सांभाळला गेला, परंतु विद्या दुरावली. शेतकरी कुटुंबांतील मुलांना तर गादीचाही आधार नव्हता.

या परिस्थितीतही दोन्ही भाषांना सारखाच मान देणारी माणसे समाजात निपजली. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी हे गुजराती भाषिक घराण्यातील. त्यांनी १८८४ च्या सुमारास 'जैन बोधक' हे नियतकालिक सुरू केले आणि मराठीतून समाजप्रबोधनाचे व्रत घेतले. ज्या मुलखात व्यापार करायचा, त्या मुलखाची भाषा आपलीशी करायची, आणि त्यासाठी घरची भाषा टाकून द्यायची नाही, हा आदर्श त्यांनी घालून दिला. प्रख्यात उद्योगपती वालचंद हिराचंद हे त्यांचेच सुपुत्र होत.

वसतिगृहांचे योगदान

तथापि शाळेचा खरा आधार ठरली ती वसतिगृहे. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. राजर्षी शाहू छत्रपतींनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना उदार आश्रय दिला आणि १९०१ मध्ये कोल्हापुरात जैन बोर्डिंग उभे राहिले. दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांचे साहाय्य अशा अनेक वसतिगृहांना लाभले. मुंबईत १९१५ मध्ये आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले.

वसतिगृह म्हणजे केवळ दोन वेळचे जेवण आणि झोपायला जागा नव्हे. खेड्यातून आलेल्या कन्नड भाषिक मुलाला तेथे त्याच्याच बोलीत धीर देणारा वडीलधारा विद्यार्थी भेटे. दिवसभर वर्गात न उमगलेला धडा संध्याकाळी समजावून दिला जाई. शाळेची मराठी आणि घरची कन्नड यांमधील पूल त्या पंगतीत आणि त्या ओसरीवर बांधला गेला.

या सीमाभागातील द्वैभाषिक संस्कारांतून केवढी विद्वत्ता फुलू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये. त्यांचा जन्म १९०६ साली आज कर्नाटकात असलेल्या सदलगा येथे झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी सुमारे तीस वर्षे अर्धमागधीचे अध्यापन केले. प्राकृत ग्रंथांच्या त्यांच्या संपादनांना जगभरातील विद्वानांची मान्यता मिळाली, आणि १९६७ मध्ये श्रवणबेळगोळ येथे भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. मराठी नगरात आयुष्य वेचलेल्या या विद्वानाची कन्नड कधी कोमेजली नाही.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. १८८७ साली कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगचे विद्यार्थी होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. समाजाने हा प्रसंग लपवू नये. ज्या दाराने एका मुलाला आत घेतले, तेच दार दुसऱ्यासाठी बंद राहिले, तर दानाचे पुण्य अपुरे राहते. भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. बोर्डिंगमध्ये मिळालेला आधार आणि तेथे दिसलेली उणीव, या दोन्हींतून हे महान कार्य उभे राहिले.

कायद्याने काय दिले ?

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला शासकीय मान्यता मिळाली. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठराव केला की, एखाद्या वर्गात १० किंवा संपूर्ण शाळेत ४० विद्यार्थी अन्य मातृभाषेचे असतील, तर प्राथमिक स्तरावर त्यांना त्या भाषेतून शिकविण्याची व्यवस्था करावी. राज्यघटनेच्या कलम ३० ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करून चालविण्याचा हक्क दिला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या वेळी सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ समाविष्ट झाले, आणि मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, असे दायित्व राज्यांवर आले. मुंबई महानगरपालिकेने मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, कन्नड, तमिळ व तेलुगू अशा आठ माध्यमांच्या शाळा चालविल्या. जत, अक्कलकोट या तालुक्यांत कन्नड शाळा आणि सोलापुरात विणकर समाजाच्या तेलुगू शाळा चालत आल्या. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले.

हे सारे स्वागतार्ह आहे, परंतु येथे एक बारकावा ध्यानी घेतला पाहिजे. २०१४ ची मान्यता धर्माच्या आधारावर आहे. वर्गात अडखळणाऱ्या मुलाची अडचण भाषेची असते. जैन समाजाची भाषा एक नसल्यामुळे पहिल्या मान्यतेने दुसरी अडचण आपोआप सुटत नाही. शिवाय कायदा शेवटी संख्या मोजतो. वर्गात १० मुले असतील तर शिक्षक मिळण्याची आशा असते. एकच असेल, तर त्याचा विचार कोणी करावयाचा ? त्या एकट्या मुलाचा विचार पूर्वी वसतिगृहाने केला, हे या इतिहासाचे सार आहे.

पुढील पन्नास वर्षांसाठी

आज समाजातील बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात जातात. आजीची गुजराती, मारवाडी वा कन्नड त्यांना समजते, पण बोलता येत नाही. आणि मराठीचे वृत्तपत्रही हाती धरवत नाही. एकेकाळी भाषेअभावी शाळा दुरावत होती, आज शाळेपायी घरची भाषा दुरावत आहे. स्तोत्राचा अर्थ विचारायचा तर नातू आणि आजी यांच्यात समान भाषा उरू नये, ही हानी कोणत्याही खतावणीत नोंदली जात नाही.

दुसरीकडे इचलकरंजी, भिवंडी, सोलापूर येथील यंत्रमागांवर आणि कापडपेठांत परप्रांतीय कामगार राबतात. शंभर वर्षांपूर्वी जैन बालकावर जी वेळ होती, तीच आज त्यांच्या मुलांवर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे, परंतु धोरण कागदावरून वर्गात आणण्यासाठी माणसे लागतात.

त्यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. पहिल्या वर्षी मुलाच्या बोलीत समजावून सांगणारी एखादी मदतनीस, सायंकाळी तासभर अभ्यासवर्ग, दोन भाषांत शेजारी शेजारी छापलेली गोष्टींची पुस्तके, आणि पाठशाळेत धर्माबरोबर घरच्या भाषेचेही वाचन, एवढे कोणतीही विश्वस्त संस्था करू शकेल. मात्र दार सर्वांसाठी उघडे असावे, हा कर्मवीरांच्या जीवनातील धडा विसरता कामा नये. जीवांनी एकमेकांवर उपकार करावा, ही शिकवण तत्त्वार्थसूत्राने दिलीच आहे. वर्गात गप्प बसलेल्या एका मुलाला त्याच्या भाषेत विचारलेला पहिला प्रश्न, हाही त्या उपकाराचाच एक प्रकार आहे.