दूध पिणारं बाळ पापी असतं का?

मागे एका कॅथलिक सहकाऱ्याच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला आम्ही काही शिक्षक गेलो होतो. परतताना एक जण म्हणाला, "दोन महिन्यांचं लेकरू, त्याचं कसलं पाप धुतात?" सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते हसणं टोचत राहिलं. 'जिहाद' किंवा 'काफिर' या शब्दांचा असाच ढोबळ अर्थ काढून कुणी हसलं, तर आपल्याला किती राग येतो!

म्हणून मूळ पापाविषयी वाचायला घेतलं. त्यात एक जुना संवाद हाती लागला. 1904 ते 1906 या काळात उस्मानी राजवटीतल्या अक्का शहरात अब्दुल बहा नजरकैदेत होते. बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्लाह यांचे ते पुत्र. लॉरा क्लिफर्ड बार्नी ही अमेरिकन तरुणी त्यांना ख्रिस्ती श्रद्धेविषयी प्रश्न विचारायची आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी ते फारसीत उत्तरं द्यायचे. ही उत्तरं 1908 मध्ये पुस्तकरूपाने आली. फारसीत त्या पुस्तकाला 'मुफावजात' म्हणतात. खत्मे नबुव्वत मानणाऱ्या आपल्याला बहाउल्लाह यांचा दावा मान्य नाही, हे उघड आहे. पण दावा मान्य नसला, तरी युक्तिवाद ऐकायला काय हरकत आहे?

प्रश्न जुना आहे. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप संत ऑगस्टिन (354–430) यांनी आपल्या आत्मकथनात एका तान्ह्या बाळाविषयी लिहिलं आहे. अजून बोलताही न येणारं ते बाळ आपल्या दूधभावाकडे मत्सराने, चेहरा पांढरा पडेपर्यंत बघत होतं. ऑगस्टिन यांच्या मते बाळ निरागस दिसतं, ते फक्त हातापायांत बळ नसल्यामुळे. मन निरागस नसतं. आदमची चूक वंशातून सर्वांत उतरली आहे आणि देवाच्या कृपेशिवाय माणूस स्वतःच्या बळावर त्यातून सुटू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. पेलाजियस नावाच्या साधूने याला विरोध केला. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची मतं नाकारली आणि 1546 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने मूळ पापाची शिकवण पुन्हा ठामपणे मांडली.

गंमत म्हणजे अब्दुल बहाही दूध पिणाऱ्या बाळाचंच उदाहरण देतात. त्याच्यात हाव दिसते, राग दिसतो, हे ते नाकारत नाहीत. पण हे गुण जन्मतः वाईट नाहीत, असं ते म्हणतात. हाव ज्ञानाची असली तर चांगलीच आणि राग जुलूम करणाऱ्यावर असला तर तोही चांगलाच. वाईट आहे तो त्यांचा गैरवापर. आदम-हव्वाची गोष्ट ते शब्दशः घेत नाहीत. आदम म्हणजे रूह, हव्वा म्हणजे नफ्स आणि साप म्हणजे दुनियेची आसक्ती, असा अर्थ ते लावतात. त्यांचा खरा आक्षेप न्यायाचा आहे. नूह, इब्राहिम, मूसा यांच्यासारखे पैगंबर केवळ आदमची औलाद म्हणून, कसूर नसताना, येशूच्या बलिदानापर्यंत शिक्षा भोगत राहिले, हे अल्लाहच्या न्यायात कसं बसेल?

हे वाचताना आपल्याला घरचंच वाटतं. कुरआनात आदमची तौबा तिथेच कबूल होते आणि कुणी दुसऱ्याचं ओझं उचलत नाही. पण "बघा, आपलंच खरं" म्हणून इथे थांबलो, तर तो पुन्हा बसमधला हशाच होईल.

कारण कॅथलिक चर्चचं आजचं म्हणणं माझ्या सहकाऱ्यांना वाटलं तसं नाही. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथानुसार मूळ पाप हा बाळाचा वैयक्तिक गुन्हा नाही. ती एक अवस्था आहे, देवाच्या निकटतेची उणीव. वारशात कर्जबाजारी घर मिळालेल्या मुलाने कर्ज काढलेलं नसतं, तरी तंगी त्याच्या वाट्याला येतेच, तसं काहीसं. बाप्तिस्म्यानंतर उरणारी वासना हे खऱ्या अर्थाने पाप नव्हे, असं तर ट्रेंटच्या परिषदेनेच म्हटलं होतं. आणि बाप्तिस्म्याआधी वारलेल्या बाळांच्या मुक्तीची आशा बाळगायला आधार आहे, असा निष्कर्ष चर्चच्या धर्मपंडितांच्या आयोगाने 2007 मध्ये मांडला.

मग फरक कुठे उरतो? माझ्या मते तो कृपेच्या वाटेत आहे. कॅथलिकांसाठी ती ख्रिस्ताच्या बलिदानातून, बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांतून येते. बहाईंकडे धर्मगुरू नाहीत आणि माणसापुढे पापाची कबुली देऊन माफी मागणं बहाउल्लाह यांनी मना केलं आहे. त्यांच्या मते अल्लाहचा फैज युगायुगाच्या पैगंबरांमार्फत अखंड वाहतो. त्या पैगंबराला ओळखणं आणि त्याची आज्ञा पाळणं, दोन्ही लागतं. पण नुसत्या स्वतःच्या कमाईवर कुणी तरत नाही, हे दोघंही मानतात. अल्लाहच्या रहमतीशिवाय निभाव नाही, असं आपणही म्हणतोच की.

शेकडो वर्षांपूर्वीच्या बादशहांचा हिशोब आज आपल्या मुलांकडे मागितला जातो, तेव्हा जन्मावरून दोषी धरू नका, असं आपण सांगतो. ते बरोबरच आहे. मग दुसऱ्याची श्रद्धाही ऐकीव गोष्टींवरून दोषी धरू नये. पुढच्या बाप्तिस्म्याला मी बाळाच्या वडिलांनाच विचारणार आहे, "हे पाणी तुमच्यासाठी काय आहे?"