आगाऊ पोरींचा विचार

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय घरांत एखादी पोर वयाला न शोभणारे प्रश्न विचारू लागली, मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू लागली, की आई तिला 'वुमनिश' म्हणायची. आपल्याकडे 'फार आगाऊ झालीस', 'मोठी बाई लागून गेलीस का!' म्हणतात, तसंच. त्यात राग असतो, पण कान देऊन ऐकलं तर चोरटं कौतुकही असतं. लेखिका ॲलिस वॉकर यांनी या ओरड्यातूनच 'वुमनिस्ट' हा शब्द घडवला. १९७९च्या एका कथेत तो आला, आणि १९८३ साली 'इन सर्च ऑफ अवर मदर्स गार्डन्स' या लेखसंग्रहाच्या सुरुवातीला त्यांनी त्याची शब्दकोशाच्या थाटात व्याख्या दिली.

या विचाराला, म्हणजे 'वुमनिझम'ला, मराठीत काय म्हणावं? 'स्त्रीवाद' आपण फेमिनिझमसाठी वापरून बसलो आहोत. 'स्त्रीत्ववाद' म्हटलं की शब्द एकदम सोवळ्यात जातो आणि आईचा ओरडा नाहीसा होतो. म्हणून मी 'वुमनिझम'च ठेवला आहे.

वेगळा शब्द लागलाच का, हा प्रश्न रास्त आहे. साठ-सत्तरच्या दशकांत गोऱ्या मध्यमवर्गीय स्त्रिया घराबाहेर पडून काम करण्याचा हक्क मागत होत्या. कृष्णवर्णीय स्त्रिया पिढ्यानपिढ्या बाहेरच राबत होत्या: कापसाच्या शेतात, नाहीतर त्याच गोऱ्या बायकांच्या स्वयंपाकघरात. दुसरीकडे कृष्णवर्णीयांच्या चळवळीत व्यासपीठ पुरुषांचं होतं. त्या चळवळीतल्या ब्लॅक पँथरांचं नाव १९७२मध्ये आपल्या दलित पँथरनं घेतलं, आणि त्याआधी सुमारे शंभर वर्षं जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना अर्पण केली होती, म्हणून मराठी वाचकाला ही माणसं अगदीच परकी नाहीत. त्यांच्या घरातल्या बायका मात्र आपल्याला कमी ठाऊक आहेत.

वुमनिझम म्हणजे 'कृष्णवर्णीयांचा फेमिनिझम' एवढंच असतं, तर काम सोपं होतं. नायजेरियन समीक्षक चिकवेन्ये ओकोंजो ओगुन्येमी वॉकर यांच्यापासून स्वतंत्रपणे याच शब्दापाशी पोचल्या, तर क्लेनोरा हडसन-वीम्स यांनी 'आफ्रिकाना वुमनिझम' म्हणून वेगळी चूल मांडली. त्या वादांत शिरण्याची घाई नवख्या वाचकानं करू नये. माझ्या मते हा विचार आधी कथा-कादंबऱ्यांत जगला, आणि सिद्धान्त मागून आला.

झोरा नील हर्स्टन यांचंच घ्या. फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांच्याच गावात त्या वाढल्या. १९३७च्या 'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड' या कादंबरीत त्यांनी एका बाईला तिच्या गावच्या बोलीत स्वतःची गोष्ट मैत्रिणीला सांगायला बसवलं. लेखक रिचर्ड राइट यांना त्यात काही विचारच दिसला नाही. १९६०मध्ये हर्स्टन गेल्या, त्या कफल्लक. १९७३ साली वॉकर त्यांची कबर शोधत फोर्ट पियर्सच्या दफनभूमीत पोचल्या, तेव्हा कंबरभर गवत माजलं होतं आणि सापांची भीती. लोकांनी माहिती द्यावी म्हणून त्यांनी आपण झोराची भाची असल्याची थाप मारली होती. शेवटी गवतात उभं राहून 'झोरा!' म्हणून हाका मारल्या आणि पाय एका खचलेल्या जागेत गेला. तिथं त्यांनी दगड बसवला. दगडावरचं जन्मसाल १९०१ आहे, खरं १८९१. बाईंनी वय दहा वर्षांनी चोरलं होतं, ते मेल्यावरही टिकलं! नातं नसताना नातं लावून पूर्वज शोधायचा, हा या साहित्याचा स्वभावच आहे.

वॉकर यांच्या 'द कलर पर्पल' (१९८२) या कादंबरीवर कृष्णवर्णीय पुरुषांची बदनामी केल्याचा आरोप झाला. आरोप करणाऱ्यांनी शेवटची पानं सावकाश वाचायला हवी होती. नवऱ्यानं नायिका सेलीच्या बहिणीची पत्रं वर्षानुवर्षं दडवून ठेवली, हे कळल्यावर सेली वस्तरा घेऊन त्याचा गळा चिरायला निघते. शग ही मैत्रीण तिला चक्क विजारी शिवायला लावते. वस्तऱ्याच्या जागी हातात सुई येते. पुढे त्याच सुईवर सेलीचा धंदा उभा राहतो. आणि अखेरीस तोच नवरा, अल्बर्ट, पडवीत तिच्याशेजारी शिवत बसतो. लहानपणी आईबरोबर शिवायला बसलो तर सगळे हसायचे, असं तो सांगतो. सेली त्याच्याकडे बायको म्हणून परत जात नाही, पण त्याला माणसांतून उठवतही नाही. वुमनिझम स्त्री-पुरुष मिळून साऱ्या जमातीचं भलं बघतो असं म्हणतात, त्याचा अर्थ मला या पडवीत कळला.

टोनी मॉरिसन, पॉल मार्शल, ग्लोरिया नेलर, टोनी केड बाम्बारा या सगळ्या लेखिकांना 'वुमनिस्ट' हे लेबल डकवू नये. मॉरिसन यांची 'द ब्लूएस्ट आय' १९७०ची, 'सुला' १९७३ची; तेव्हा हा शब्द छापूनही आला नव्हता.

सुरुवात कुठून करावी असं विद्यार्थी विचारतात. मी वॉकर यांची 'एव्हरीडे यूज' ही छोटी कथा देतो. शहरात शिकून आलेली थोरली लेक आजीनं शिवलेल्या गोधड्या भिंतीवर टांगायला मागते. धाकटी मॅगी त्या वापरून वापरून फाडून टाकेल, अशी तिची तक्रार. ताक घुसळायची रवीही तिला शोभेसाठी हवी असते. आई ती रवी क्षणभर हातात घेते. दांड्याच्या लाकडात पिढ्यांच्या अंगठ्यांचे आणि बोटांचे खळगे पडलेले असतात. रवी ती जाऊ देते. गोधड्या मात्र थोरलीच्या हातातून ओढून मॅगीच्या मांडीवर टाकते.