फुकटची पुरवणी आणि समोरचा माणूस

आपल्या प्रशासनात ‘पुरवणी’ हा शब्द ‘मागणी’ला चिकटूनच येतो. मूळ अर्थसंकल्पात जे मावले नाही ते पुरवणी मागण्यांत घालावयाचे आणि त्यांवर सभागृहात चर्चा थोडीच व्हावयाची, ही रीत सर्वपरिचित आहे. इंटरनेटवरील गप्पांच्या प्रोग्रामांनाही अशाच पुरवण्या होत्या. मूळ प्रोग्राममध्ये जे नव्हते ते त्या पुरवीत, लोक त्या हौसेने बसवून घेत, आणि त्यांचा खर्च नेमका कोणाच्या खाती पडतो याची चौकशी क्वचितच होई. किंमत, सुविधा आणि खासगीपणा यांचा त्या लहानशा बाजारात जो गुंता झाला, तोच आज आपल्या कायद्याच्या पुस्तकात येऊन बसला आहे. म्हणून हा अलीकडचाच इतिहास येथे नोंदवीत आहे.

आरंभ १९९६ मध्ये झाला. इस्राएलमधील मिराबिलिस या छोट्या कंपनीने ‘आयसीक्यू’ हा प्रोग्राम काढला. तो फुकट होता आणि कंपनीला उत्पन्न जवळजवळ नव्हते. तरीही १९९८ मध्ये अमेरिका ऑनलाइनने तिच्यासाठी २८.७ कोटी डॉलर मोजले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. टेलिफोनचे मोल जसे यंत्रात नसून पलीकडे किती जणांकडे टेलिफोन आहे यात असते, तसेच हे. अमेरिका ऑनलाइनचा स्वतःचा ‘एआयएम’ १९९७ पासून होताच. याहू १९९८ मध्ये आले आणि मायक्रोसॉफ्टचा ‘एमएसएन मेसेंजर’ जुलै १९९९ मध्ये. सर्वच फुकट. त्यामुळे स्पर्धा दरात नव्हती, कुंपणात होती. एमएसएनमधून एआयएमच्या मित्रांशी बोलता येईल अशी सोय मायक्रोसॉफ्टने केली, ती अमेरिका ऑनलाइनने बंद पाडली, मायक्रोसॉफ्टने पुन्हा उघडली, आणि हा खेळ कित्येक आठवडे चालला. जानेवारी २००१ मध्ये टाइम वॉर्नरशी विलीनीकरणाला मान्यता देताना अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने कुंपण खुले करण्याविषयी एक मर्यादित अट घातली, आणि २००३ मध्ये ती उठवलीही. नियामक संस्थेची अट बाजाराच्या मागून धावते, त्याचे हे एक जुने उदाहरण होय.

कुंपणाच्या आत मात्र प्रोग्राम कंगालच होते. एमएसएनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत झालेले संभाषण आपोआप जतन होत नसे. खिडकी मिटली की शब्द गेले. एआयएममध्ये जाहिरातीची पट्टी सतत डोळ्यांपुढे असे. ही उणीव बाहेरच्या हौशी तरुणांनी भरून काढली. एआयएमसाठी ‘डेडएम’ नावाची पुरवणी निघाली. ती जाहिराती झाकी, अनेक संभाषणे एकाच खिडकीत मांडी आणि त्यांची नोंद ठेवी. पुढे तिच्यासाठी काही डॉलर आकारले जाऊ लागले. ‘ट्रिलियन’ ही काटेकोर अर्थाने पुरवणी नव्हे, सर्व जाळ्यांना एकत्र जोडणारा तो पर्यायी प्रोग्राम; पण २००२ मध्ये त्याची सशुल्क आवृत्ती २५ डॉलरला निघाली. तेव्हाच्या दराने हे सुमारे १२०० रुपये झाले. ज्या काळात आपल्याकडचा विद्यार्थी सायबर कॅफेत ताशी वीस-पंचवीस रुपये मोजताना घड्याळाकडे पाहत असे आणि परदेशात चालणारे क्रेडिट कार्ड घरोघरी नव्हते, त्या काळात ही किंमत भारतापुरती दाराला लावलेल्या कुलुपासारखीच होती. सशुल्क पुरवणी हा आपल्यापुरता पर्यायच नव्हता. उरे ती फुकटची.

फुकटच्या पुरवण्यांत सर्वांत यशस्वी ठरली ती एमएसएनसाठीची ‘मेसेंजर प्लस’. सिरिल पाचिउलो या प्रोग्रामरने ती २००१ मध्ये काढली. वापरणारे त्यांना ‘पॅटचू’ या टोपणनावाने ओळखत. रंगीत नावे, ठरावीक वाक्यांचे संक्षेप, निरनिराळे आवाज, साहेब आले की एका कळीसरशी सारे पडद्यावरून नाहीसे करण्याची युक्ती (सरकारी कार्यालयांत हिची लोकप्रियता किती होती याविषयी मी मौन पाळतो), आणि मुख्य म्हणजे संभाषणाची आपोआप नोंद. एवढे सारे विनामूल्य. मग चरितार्थ कशावर चालावयाचा? त्यासाठी प्रायोजक शोधण्यात आला. पुरवणी बसवताना एक पडदा विचारी: प्रायोजकाच्या सॉफ्टवेअरसह हवी की त्याविना? सुविधा दोन्ही प्रकारांत तीच. ‘सह’ म्हटले की उसळून वर येणाऱ्या जाहिराती, ब्राउझरवर नवी पट्टी आणि बदललेले मुखपृष्ठ पदरी पडे.

यावर बराच वाद झाला. विरोधकांच्या मते ही फसवणूक होती. समर्थक म्हणत की प्रश्न स्पष्ट विचारलेला आहे, नको त्याने नाही म्हणावे. ऑक्टोबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने पाचिउलो यांना आपल्या मानाच्या स्वयंसेवक तज्ज्ञांच्या यादीत घेतले आणि ओरड होताच तो मान परतही घेतला. माझ्या मते दोन्ही पक्षांचे म्हणणे थोडे थोडे खरे होते. प्रश्न विचारला जात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नकाराला काहीच मोल पडत नसताना लक्षावधी लोक होकार का देत होते? कारण त्यांनी तो पडदा वाचलाच नव्हता. प्रायोजकाचे उत्पन्न न वाचण्याच्या सवयीवर उभे होते, आणि ज्या व्यवहारातली कमाई दुसऱ्याच्या दुर्लक्षातून येते त्यातील संमतीला मी तरी पूर्ण संमती म्हणणार नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी लिहिले, तेव्हा त्यांचा मुद्दा गुण लपलेला असण्याचा होता. येथे गुण उघड होता. लपलेली होती ती किंमत.

शिवाय होकार देणारा आणि भोगणारा एकच असेल असेही नव्हते. सायबर कॅफेत सकाळच्या गिऱ्हाइकाने पुरवणी बसवली की दिवसभराच्या गिऱ्हाइकांना जाहिराती सोसाव्या लागत.

परंतु या साऱ्या वादात जाहिरातींचा गलबला इतका झाला की, दुसरी, माझ्या दृष्टीने अधिक गंभीर बाब मागे पडली: संभाषणाची नोंद. संभाषण दोघांचे असते. पुरवणी मात्र एकानेच बसवलेली असे. पलीकडच्याला ती दिसत नसे, तिची सूचना त्याला मिळत नसे आणि नकार देण्याचा पडदाही त्याच्यापुढे कधी येत नसे.

दिल्लीत माझ्या एका सहकारी बाईंच्या बाबतीत २००४ च्या सुमारास जे घडले ते अजून माझ्या लक्षात आहे. त्या मूळच्या सोलापूरच्या. धाकटा भाऊ दूरच्या शहरात वसतिगृहात राहून शिकत होता. वडिलांच्या धंद्यातले कर्ज, घर गहाण पडण्याची वेळ, आईपासून काय लपवावयाचे, हे सारे बहीण-भाऊ रात्री मेसेंजरवर रोमन लिपीतल्या मराठीत बोलत. बाईंच्या संगणकावर कोणतीही पुरवणी नव्हती. भावाने मात्र रंगीत नावांच्या हौसेने ती बसवली होती, नोंदीची सोयही सुरू ठेवली होती, आणि तो संगणक खोलीतल्या चौघांचा होता. काही महिन्यांनी त्या कर्जाची गोष्ट गावाकडच्या एका नातेवाइकाच्या तोंडून आईपर्यंत पोहोचली. बाई मला म्हणाल्या, “साहेब, मी तर काहीच बसवलं नव्हतं हो.” त्या वाक्याला आजही कोणत्याही कायद्यात नीट उत्तर नाही.

पिगू यांच्यापासून अर्थशास्त्र ज्याला बाह्य परिणाम म्हणत आले, ते हेच. कारखाना आणि त्याचे गिऱ्हाईक दोघेही समाधानी असतात. धूर तिसऱ्याच्या अंगणात जातो. फरक एवढाच की, येथे तो तिसरा माणूस संभाषणातला दुसरा होता.

या बाजूने विचार करणारी एक पुरवणी त्याच काळात निघाली आणि तीही फुकट होती, पण खरोखरची फुकट. निकिता बोरिसोव, इयान गोल्डबर्ग आणि एरिक ब्रूअर यांनी २००४ मध्ये ‘ऑफ-द-रेकॉर्ड’ नावाची पद्धत मांडली आणि ‘गेम’ या मुक्त प्रोग्रामसाठी (तोच २००७ पासून ‘पिजिन’) ती पुरवणीच्या रूपात दिली. तेव्हा एमएसएनचे संदेश तारेवरून उघड्या पत्रासारखे जात. ट्रिलियनने संदेश कुलूपबंद करण्याची सोय दिली होती खरी, परंतु पलीकडे नेमका कोण आहे याची खातरजमा ती करीत नसे. या तिघांचा आदर्श साधा होता: दोन माणसे बंद खोलीत बोलतात तसे बोलणे असावे, ऐकणारा तिसरा नसावा आणि नंतर कोणी ‘तू असे म्हणालास’ असे सिद्धही करू शकू नये. त्यासाठी किल्ल्या सतत बदलत राहत आणि जुन्या नष्ट केल्या जात. अशा संभाषणांची नोंद ठेवू नये असा पर्यायही पुरवणीत होता. अर्थात तो आपल्याच बाजूला लागू. समोरच्याच्या संगणकावर कोणत्याही गणिताची सत्ता चालत नाही.

ती पुरवणी बसवणारे मूठभरच. पण तिच्यातील कल्पना ‘सिग्नल’च्या पद्धतीत उतरली आणि एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने तीच पद्धत सर्वांसाठी लागू केली. त्याच वर्षी जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपने आपली वर्षाची सुमारे एक डॉलरची फी रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये वापरणाऱ्यांची काही माहिती फेसबुकला देण्याचे धोरण जाहीर केले. किंमत गेली, कुलूप आले आणि माहितीचे दार निराळ्या बाजूने उघडले. हे तिन्ही एकाच वर्षात. २०२१ च्या धोरणावरून आपल्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला.

कायदा या साऱ्याच्या मागून सावकाश आला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने नोव्हेंबर २००६ मध्ये झँगो या जाहिरात-सॉफ्टवेअरच्या कंपनीकडून ३० लाख डॉलर घेऊन तडजोड केली आणि महत्त्वाची माहिती लांबलचक करारनाम्यात पुरून ठेवणे म्हणजे सांगणे नव्हे, असा दंडक घातला. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, हे युरोपच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये सांगितले. आपल्याकडे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ४३-अ हे कलम आले आणि २०११ मध्ये नियम झाले. त्याच महिन्यात सायबर कॅफेंचेही नियम झाले. त्यांत गिऱ्हाइकाची ओळख आणि नोंदवही यांवर भर होता. गिऱ्हाईक कोण हे शासनाला हवे होते. गिऱ्हाइकाच्या संगणकात काय बसले आहे याची विचारपूस कमी होती. आम्हा प्रशासकांना नोंदवहीचा मोह जुनाच.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. संमती मुक्त, विशिष्ट, समजून-उमजून दिलेली आणि विनाअट असावी असे कलम ६ म्हणते, आणि सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मागता येते. प्रायोजकाचा तो पडदा या कसोटीवर कदाचित टिकला नसता. मात्र कलम ३ अन्वये व्यक्तीने खासगी वा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती या अधिनियमाच्या बाहेर आहे. म्हणजे सोलापूरच्या बाईंचे गाऱ्हाणे बाहेरच राहिले.

ही सूट मला योग्यच वाटते. अन्यथा घराघरांतल्या पत्रांच्या पेटीवर निरीक्षक नेमावे लागतील. पण आता नोंद पेटीत राहत नाही. मोबाइलवरील संभाषणाची प्रत एखाद्या कंपनीच्या साठ्यात आपोआप जाते, आणि ती प्रत कुलूपबंद करण्याची जी सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्ये दिली ती ज्याची त्याने सुरू करावयाची असते. मी केली तरी समोरच्याने केली नसेल, तर माझे शब्द त्याच्या साठ्यात उघडे. तेथे संमती कोणाची मोजावयाची, खातेदाराची की लिहिणाऱ्याची, हा प्रश्न कधी ना कधी नव्या माहिती संरक्षण मंडळापुढे येईल आणि माझ्यानंतरच्या पिढीतल्या कोणा अधिकाऱ्याला त्यावर टिपणी लिहावी लागेल. एप्रिल २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने एक नवी खूण दिली: संभाषणातील कोणाही एकाने ती लावली की समोरच्यालाही ते संभाषण एकत्र बाहेर काढता येत नाही. नकाराचा पडदा पलीकडच्या माणसापुढेही आला, मेसेंजर प्लसनंतर चोवीस वर्षांनी. पडद्याचे छायाचित्र मात्र अजूनही घेता येते.